वूफर, लाह्या आणि बुंदीचा शुक्रवार

ताई,

आम्ही ठाण्यात सातव्या मजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघं, सहावीतला मुलगा, सासूबाई आणि बुंदी. बुंदी देशी आहे, दीड वर्षाची. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात पार्किंगमधल्या एका गाडीखाली सापडली, तेव्हा ओंजळीत मावत होती. शुक्रवारी रात्री जेवणं आटपली की हॉलमधले दिवे मालवून सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. बुंदी आल्यापासून तीही सोफ्याशेजारी येऊन पडायची. फार छान वाटायचं. पण दसऱ्यापासून सगळं बिनसलंय. पडद्यावर कुत्रं दिसलं किंवा दाराची बेल वाजली की ही भुंकत सुटते, आणि मारामारी सुरू झाली की डायनिंग टेबलाखाली जाऊन थरथरत बसते. ओढून बाहेर काढायला गेलं तर आणखी अंग चोरते. मग मुलगा रडवेला होऊन तिला बेडरूममध्ये नेतो आणि त्याचाही सिनेमा बुडतो. नवरा म्हणतो, होईल हळूहळू सवय. सासूबाई म्हणतात, कुत्र्याला कसला आलाय सिनेमा, गॅलरीत बांधा. ती सोफ्यावर चढलेली त्यांना अजिबात खपत नाही. गंमत म्हणजे दुपारी त्या जुने मराठी सिनेमे लावतात तेव्हा बुंदी त्यांच्याच पायाशी घोरत असते! तिला मराठीच सिनेमे आवडतात, असं आता आमच्याकडे सगळे म्हणतात. कुत्र्यांना सिनेमा दिसतो का, कळतो का? आम्ही आमच्या हौसेपायी तिचा छळ तर करत नाही ना? आणि पॉपकॉर्न दिलेले चालतात का? मुलगा गुपचूप देतो असा मला संशय आहे.

— शुक्रवारवाली

ता. क. घरातली बाकी घडी होती तशीच आहे. फक्त दसऱ्याला नवऱ्याने बोनसमधून नवा साउंडबार घेतला, वूफरसकट. त्याचा याच्याशी काही संबंध नसावा.

*

शुक्रवारवाली,

‘त्याचा काही संबंध नसावा’ असं लिहून तुम्ही चोर आयता माझ्या हवाली केलात. अहो, सगळा संबंध त्याचाच आहे. दसऱ्याआधी सोफ्याशेजारी पसरणारी बुंदी दसऱ्यानंतर टेबलाखाली जाते, आणि मधल्या काळात घरात आलेली नवी वस्तू एकच. दिवाळीचे फटाकेही मध्ये येऊन गेले, हे मी विसरलेले नाही. त्यांनी आगीत तेल ओतलं असेल. पण सुरुवात झाली ती तुम्ही सोनं लुटलंत त्या संध्याकाळी.

वूफर कुठे ठेवलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत असतो तिथेच असणार. टीव्हीच्या टेबलाशेजारी, थेट फरशीवर. आणि बुंदी कुठे पडते? फरशीवर. तुम्ही सगळे फोमच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेले. पडद्यावर हेलिकॉप्टर उतरतं तेव्हा ते तुमच्या कानांत उतरतं आणि तिच्या पोटात. एकदा करून बघा. नवऱ्याला सांगा, आवडता मारामारीचा प्रसंग लाव, नेहमीच्याच आवाजात, आणि बुंदीच्या जागेवर पोट टेकून पालथा पड. पाच मिनिटं पुरतील. ‘सवय होईल’ हे वाक्य पुन्हा ऐकू येणार नाही, असा माझा अंदाज आहे.

यात एक गंमतही आहे. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तिखट, हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि वरच्या पट्टीत ते खरंच आहे. आपलं ऐकणं २०,००० हर्ट्झच्या आसपास संपतं, कुत्र्याचं ४५,००० पर्यंत जातं. पण खालच्या पट्टीत बाजी आपल्याकडे आहे. आपल्याला २० हर्ट्झपासून आवाज कळायला लागतो, कुत्र्याला साधारण ६५ पासून. म्हणजे वूफरमधली सगळ्यात खोल धमधम बुंदीला कानाने धड ऐकूही येत नसणार. जमीन मात्र हादरते. आवाज कुठून आला हे शोधायला तिने कान टवकारले तर तिथे काहीच नाही, आणि पोटाखाली फरशी थरथरते आहे. हा माझा कयास आहे, बुंदीने मला काही सांगितलेलं नाही. पण अशा वेळी मीही टेबलाखालीच गेले असते.

आता सासूबाईंच्या मराठी सिनेमांकडे वळू. बुंदी मराठीप्रेमी आहे, हे तुमच्या घरातलं मत मोडायला मला जिवावर येतंय. पण खरं कारण बहुधा असं की सासूबाई साउंडबारच्या रिमोटला हात लावत नाहीत. त्यांचा सिनेमा टीव्हीच्याच आवाजात चालतो. जुन्या सिनेमात बोलणं जास्त, धुमाळी कमी. कॅमेरा एका ठिकाणी उभा राहून माणसांना बोलू देतो. आणि दुपारी घर उजेडात असतं, सासूबाई एका जागी बसून मेथी निवडत असतात. आवाज बेताचा, उजेड भरपूर, माणूस स्थिर. कुत्र्याला झोपायला याहून वेगळं काय लागतं? तेव्हा तुम्ही शोधत असलेला उपाय तुमच्या घरात रोज दुपारी दोन वाजता चालू असतो. तुम्ही ऑफिसात असता म्हणून दिसत नाही, एवढंच.

आणखी एक सांगू का? ‘गॅलरीत बांधा’ म्हणणाऱ्या बाईंच्या पायाशी कुत्रं रोज घोरतं, याचा अर्थ त्या बाई पाय बाजूला घेत नाहीत. सासूबाईंकडे मी नंतर येते.

सिनेमा दिसतो का, याचं उत्तर आहे: हो, पण आपल्यासारखा नाही. आमच्याकडे पूर्वी ढंप्या नावाचा कुत्रा होता. दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा लागायचा तो काळ. अर्धी चाळ आमच्या खोलीत, आणि ढंप्या उंबऱ्यावर पडद्याकडे पाठ करून बसलेला. आम्ही म्हणायचो, किती समंजस कुत्रा आहे. आता कळतं, त्या बिचाऱ्याला तो सिनेमा दिसतच नव्हता. जुन्या डबा टीव्हीवर चित्र सेकंदाला ५० वेळा उजळायचं. आपल्या डोळ्याला तेवढ्यात ते सलग वाटतं. कुत्र्याचा डोळा याबाबतीत जास्त चपळ, त्याला सत्तरच्याही पुढची लुकलुक कळते. त्यामुळे ढंप्यासमोर रविवारभर एक मोडकी ट्यूबलाइट लुकलुकत असणार. हल्लीच्या सपाट पडद्यांवर तशी लुकलुक नसते, म्हणून बुंदीच्या पिढीला पडद्यावर खरोखरच हलणारी जनावरं दिसतात. रंग मात्र निळा आणि पिवळाच नीट कळतो. लाल आणि हिरव्यात तिला फारसा फरक दिसत नाही. त्यात नजरही आपल्याहून अंधूक. आपल्याला ७५ फुटांवरून जे स्पष्ट दिसतं त्यासाठी कुत्र्याला २० फुटांवर यावं लागतं, असा ढोबळ हिशेब सांगतात. तेव्हा नटीच्या साडीचा लाल रंग आणि नायकाच्या डोळ्यांतलं पाणी, दोन्ही बुंदीच्या दृष्टीने वाया.

पण कुत्रं दिसलं की ती उठते. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ४५३ कुत्र्यांच्या मालकांकडून याची माहिती गोळा केली. कुत्री सगळ्यात जास्त दाद देतात ती पडद्यावरच्या जनावरांना, हे त्यात दिसलं. आणि ज्यांचा स्वभाव मुळात घाबरट, ती दाराची बेल, गाडीचा हॉर्न अशा जनावरांच्या नसलेल्या आवाजांनाही जास्त दचकतात. तुमची बुंदी दोन्हीकडे हजेरी लावते. पार्किंगमध्ये गाडीखाली काढलेले पहिले दिवस विसरलेली नसावी.

तिच्या बाजूने बघा ना. खोलीत अनोळखी कुत्रा शिरला, भुंकला आणि त्याला वासच नाही. ज्या प्राण्याचं निम्मं जग नाकात असतं त्याच्यासाठी ही भुताटकीच झाली. अशा वेळी घरातले सगळे मिळून ‘ए, गप्प बस!’ म्हणून ओरडलात तर तिला वाटणार, चला, सगळे भुंकायला लागले, म्हणजे मामला गंभीर आहे. ओरडू नका. रिमोटवर सिनेमा थांबवा, शांतपणे तिचं नाव घ्या आणि ती तुमच्याकडे वळली की तिच्या अंथरुणावर दोन-चार खाऊचे तुकडे टाका. हुंगून हुंगून शोधू देत. नाक खाली गेलं की भुंकणं आपोआप थांबतं, कारण दोन्ही कामं एकदम करता येत नाहीत. दहा-बारा शुक्रवार हे इमानेइतबारे केलंत तर बेल वाजल्यावर ती दाराकडे न धावता तुमच्या तोंडाकडे बघायला लागेल. त्या दिवशी मला कळवा.

टेबलाखाली गेली तर तिला ओढून काढायचं नाही. हे मी जरा कडक आवाजात सांगते आहे असं समजा. ते टेबल म्हणजे तिची पार्किंगमधली गाडी आहे. तिथून ओढून काढलंत तर एवढंच कळेल की या घरात लपलेलंही कोणी सुखाने राहू देत नाही. टेबलाखालीच मऊ अंथरूण घालून द्या आणि तिथून बेडरूमकडे जायची वाट मोकळी ठेवा. बेडरूमचं दारही किलकिलं राहू द्या. निघून जायची मुभा असली की कुत्री बऱ्याचदा जात नाहीत. तीच बाहेर येऊन तुमच्या मांडीवर डोकं ठेवेल तेव्हा खुशाल कुरवाळा. ‘घाबरल्यावर लाड केले तर भीती वाढते’ असं सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांच्याकडे हसून दुर्लक्ष करा. भीती ही काही खोडी नाही, की जवळ घेतल्याने शेफारेल.

आता नवऱ्याच्या वूफरचं काय करायचं? तो माळ्यावर टाका असं मी म्हणणार नाही. बोनसचे पैसे आहेत, आणि हौसेला मोल नसतं. पण पहिले दोन महिने शुक्रवारी तो बंद राहील. पूर्ण बंद. बऱ्याच साउंडबारना रात्रीसाठी वेगळी सोय असते, नाइट मोड म्हणतात. त्यात धमाके खाली येतात आणि बोलणं ऐकू येतं. ती चालू करा. खालच्या सहाव्या मजल्यावरची मंडळीही दुवा देतील. पुढे हळूहळू वूफर परत आणायचा असेल तर त्याच्याखाली जाड रबर किंवा फोम घाला. मग दिवसाउजेडी, सिनेमाशिवाय, अगदी बारीक आवाजात तो पाच-दहा मिनिटं लावा आणि तेवढ्या वेळात बुंदीला तिचा आवडता खाऊ द्या. आवाज सुरू झाला की खाऊ, बंद झाला की खाऊ बंद. चार-पाच दिवसांनी आवाज एक घर वर. हे करताना तिच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. उकडलेल्या चिकनलाही तोंड लावेनाशी झाली तर तुम्ही फार पुढे गेलात, दोन घरं मागे या. भेदरलेलं कुत्रं खात नाही, आणि हे माप कुठल्याही यंत्रापेक्षा भरवशाचं आहे.

तोवर नवऱ्याने आपले युद्धपट रविवारी सकाळी बघावेत, मुलगा बुंदीला घेऊन खाली गेल्यावर.

थरथर याच्याही पुढे गेली, म्हणजे लाळ गळायला लागली, घरातच शू व्हायला लागली, दार ओरबाडून नखं मोडायला लागली, किंवा सिनेमा नसतानाही ती टेबलाखालून हलेना, तर मात्र हे घरगुती प्रयोग बाजूला ठेवून पशुवैद्यांकडे जा. भीतीवर औषधं असतात आणि ती देण्यात काही कमीपणा नाही. आधी कधी न घाबरणारं कुत्रं एकाएकी आवाजांना दचकायला लागलं तर कुठे दुखतंय का हेही तपासून घ्यावं लागतं. सांधा किंवा कान दुखत असेल तर दचकणंही दुखतं. बुंदीच्या बाबतीत तसं असेल असं मला वाटत नाही, पण डॉक्टरांच्या पुढच्या फेरीत हा विषय काढायला काय हरकत आहे?

मुलगा पॉपकॉर्न देतो का? देतो. याबद्दल मला तुमच्याइतकासुद्धा संशय नाही. सहावीतला मुलगा, अंधार आणि शेजारी दोन आशाळभूत डोळे! कोण देणार नाही?

कुत्र्याच्या तोंडून गेलेल्या पोळीसाठी तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेल्या नामदेव महाराजांची गोष्ट आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. प्रेम तसंच असू द्या, पण शुक्रवारी वाटी घरातच राहू द्या. बटर, मीठ, चीज, कॅरमेल यातलं काहीही लावलेल्या लाह्या नकोत. नुसत्या, कोरड्या फोडलेल्या चार-पाच लाह्यांनी काही बिघडत नाही. मात्र भांड्याच्या तळाशी जे न फुटलेले दाणे उरतात, ज्यांना आमची आई गणंग म्हणायची, ते तिच्या वाट्याला येता कामा नयेत. दातात अडकतात, कधी दात मोडतो, छोट्या कुत्र्याच्या घशातही बसतात. आणि पॉपकॉर्नचं भांडं सोफ्याखाली ठेवून सगळे झोपायला जातात, ही तुमच्या घरचीही रीत असणार. आमच्या घरची होती.

खरी भीती लाह्यांची नाहीच, शेजारच्या ताटल्यांची आहे. चॉकलेट कुत्र्याला विषारी आहे. त्यातलं थिओब्रोमिन त्यांच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. जितकं काळं चॉकलेट तितकं वाईट, आणि कुत्रं जितकं लहान तितका धोका मोठा. द्राक्षं आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तेव्हा सांगली-तासगावचे बेदाणे कितीही गोड असोत, चिवड्यात ते असले तर चिवड्याचा डबा वरच्या फळीवर. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून भडंगही नको आणि लसणाची शेवही नको. काही बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये आणि गोळ्यांमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. तो पोटात गेला की कुत्र्याची साखर धाडकन खाली येते. आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडं! त्यांच्या चिरफळ्या होतात. बाहेरून तंदुरी मागवलीत तर हाडांची पिशवी सिनेमा संपायच्या आधी बंद डब्यात गेली पाहिजे.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. ढंप्यानंतरच्या आमच्या लॅब्रडॉरने अशाच एका सिनेमाच्या रात्री भाचीच्या दप्तरातलं काळं चॉकलेट कागदासकट फस्त केलं. आम्हाला कळलं ते शेवटची पाटी येत असताना, कागदाचा एक तुकडा त्याच्या मिशीला चिकटलेला दिसला म्हणून. रात्री साडेअकराला रिक्षा शोधली. शेजारच्या एका गृहस्थांनी मिठाचं पाणी पाजायला सांगितलं होतं. नशीब, आम्ही पाजलं नाही, कारण जास्त मीठ हेही कुत्र्याला विषच. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली आणि पहाटेपर्यंत नजरेखाली ठेवलं. तो जगला, आणखी सहा वर्षं. पण त्या रात्रीचा सिनेमा कोणता होता ते मला आजही आठवत नाही. तुमच्यावर अशी वेळ आलीच तर काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन किती, या चार गोष्टी फोनवरच सांगा. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता, ते आजच शोधून नंबर फ्रिजवर चिकटवा.

मग बुंदीने शुक्रवारी खायचं काय? तिचाही एक खाऊ हवाच. नाहीतर ती तुमच्या ताटलीकडे बघणारच आणि मुलाचा हात सैल सुटणारच. आतून पोकळ असलेली रबरी खेळणी मिळतात. त्यात बिनसाखरेचं दही, त्यात कुस्करलेला भात, उकडलेलं रताळं किंवा लाल भोपळा, असं भरून शुक्रवारी सकाळी फ्रीजरमध्ये ठेवून द्या. रात्री सिनेमा सुरू होताना तिला द्या. चाटण्यात आणि पोखरण्यात अर्धा-पाऊण तास कसा जातो ते कळत नाही, आणि चाटल्याने कुत्री शांत होतात. गाजराचा तुकडा, काकडी, बिया काढलेल्या सफरचंदाची फोड, हेही चालतं. मुलाला सांगा, बुंदीला खाऊ देण्याचं काम आता अधिकृतपणे तुझं, पण तिच्याच डब्यातलं. चोरी थांबवायची तर चोराला कोठारावर नेमावं, ही युक्ती आमच्या घरी तरी लागू पडली.

त्याच मुलाला आणखी एक शिकवा. तिला मिठी मारून सिनेमा बघायची हौस त्याला असणारच. पण ती तोंड फिरवत असेल, उगाच जांभया देत असेल, ओठ चाटत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असेल तर ती ‘पुरे’ म्हणते आहे. झोपलेली असेल तर अंगावर हात टाकून उठवायचं नाही, लांबून हाक मारायची. आणि शाल-दुलयांत गुंडाळायचं तर अजिबात नाही. कुत्र्यासोबतच्या ऊबदार रात्रीचे जे फोटो आपल्याला दिसतात ते बर्फाच्या देशातले असतात, शेकोटी, लोकर वगैरे. ठाण्यात नोव्हेंबरातही पंखा लागतो! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो उष्णता बाहेर काढतो. ती अंथरूण सोडून फरशीवर जाऊन पसरली तर रुसली असं समजू नका, तिला उकडतंय.

वेळापत्रकाचं थोडक्यात. सिनेमाच्या आधी तिला खाली नेऊन चांगलं अर्धा-पाऊण तास फिरवा. हुंगू द्या, घाईने ओढत आणू नका. मग तिचं जेवण, मग तुमचं, मग सिनेमा. दमलेल्या आणि जेवलेल्या कुत्र्याला पडद्यात काडीचा रस नसतो. अंधारही एवढा मिट्ट नको, कोपऱ्यातला एखादा दिवा राहू द्या. आणि आपल्या हिंदी-मराठी सिनेमांना मध्यंतर असतं, याचा फायदा घ्या. घरी आपण ते बटण दाबून ओलांडतो. ओलांडू नका. पाटी आली की दिवे लावा, नवऱ्याने चहा टाकावा आणि कोणीतरी बुंदीला लिफ्टने खाली नेऊन आणावं. परदेशी सिनेमा असेल तर तासाभराने स्वतःच पाटी लावा. सिनेमा कोणता हेही जरा आधी बघून घ्या. सिनेमात कुत्रं मरतं का, एवढ्या एका प्रश्नाने सुरू झालेलं एक संकेतस्थळसुद्धा आहे. त्याचा उपयोग बुंदीपेक्षा तुमच्या मुलाला जास्त होईल असं पत्रावरून वाटतं.

आता सासूबाई. त्यांना कुत्रं सोफ्यावर नको आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं. हे वाचून तुमचा मुलगा माझ्यावर रुसेल, पण घरात एका माणसाला सोफा स्वच्छ हवा असेल तर तो स्वच्छ राहावा. शिवाय एके दिवशी ‘ये’ आणि दुसऱ्या दिवशी ‘उतर’, याने कुत्रं गोंधळतं. तेव्हा सोफा माणसांचा, हे एकदाच ठरवून टाका. गॅलरीचं मात्र त्यांना नाही म्हणा, हवं तर माझं नाव पुढे करा. चार माणसांच्या आवाजापासून तोडून तिला अंधारात बांधलंत तर ती रात्रभर रडेल. तिला सिनेमाशी देणंघेणं नाही. तिला तुम्ही सगळे एका ठिकाणी, हललात तरी कळेल इतक्या जवळ बसलेले हवे असता. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस तुम्ही तसे कधी बसता?

म्हणून सासूबाईंकडे हुकूम घेऊन जाऊ नका, मागणं घेऊन जा. त्यांच्या कपाटात जुनी सुती लुगडी किंवा साड्या असतीलच. त्यांना म्हणा, आई, बुंदीला एक गोधडी शिवून द्याल का? हातशिलाई झेपत नसेल तर मुलाने दोरा ओवून द्यावा, टाके त्या घालतील. टाके घट्ट हवेत आणि सुट्टा दोरा लोंबता नको, चघळून गिळला तर आतड्यात अडकतो. गोधडी झाली की शुक्रवारी ती सोफ्याच्या त्या टोकाला, सासूबाई बसतात तिथे, त्यांच्या पायाजवळ अंथरा. दुपारच्या सिनेमाला बुंदीची जागा तीच आहे. रात्रीलाही तीच असू द्या. म्हणजे तिच्या लेखी शुक्रवारची रात्र ही एक लांबलेली दुपार होईल.

आणि हो, शिवून झाल्यावर गोधडी लगेच धुवायला टाकू नका. साड्यांना सासूबाईंचा वास असेल, तो निदान महिनाभर राहू द्या. धुवायची वेळ येईल तेव्हा सुगंधी पावडर आणि कम्फर्ट नको, साधा साबण बास.